छज्जा दुरुस्त झाल्याचा दाखला

निवृत्त होऊन आता काही वर्षे झाली. बनावट खरेदीखते, खोटे शिक्के, वारसांच्या खोट्या सह्या, यातले बरेचसे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहे. कोणत्या आरोपीने काय केले होते, हे फाइल समोर असल्याशिवाय मला सांगता येणार नाही. एन्नोरच्या शाळेचे प्रकरण मात्र तसे मिसळले नाही. त्यातला एकेक कागद मला आजही जसाच्या तसा दिसतो.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी मी चेन्नई शहराच्या गुन्हे शाखेत, बनावट कागदपत्रांच्या विभागात निरीक्षक होतो. जुलै महिन्यात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी आली. शहराच्या उत्तर टोकाला, एन्नोरच्या एका सरकारी प्राथमिक शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दारावरचा छज्जा कोसळला आणि दाराशी उभी असलेली चौथीतली एक मुलगी त्याखाली सापडली. रुग्णालयात नेईपर्यंत ती गेली. स्थानिक ठाण्याने आकस्मिक मृत्यूची नोंद केली. इमारत जुनी, हवा समुद्राची, सळ्या गंजलेल्या. कोणाला त्यात वेगळे काही दिसले नाही. मीही बातमी वाचली, चहा संपवला आणि कामाला लागलो. हे लिहायला बरे वाटत नाही, पण तसेच झाले.

माझ्याविषयी थोडे सांगतो, म्हणजे पुढचे समजेल. मी तंजावर जिल्ह्यातल्या एका लहान गावचा. आमचे पूर्वज पिढ्यांपूर्वी तिकडे गेले. घरात आम्ही जी मराठी बोलतो ती इतकी जुनी आणि तमिळ मिसळलेली आहे, की महाराष्ट्रातला माणूस ऐकून हसतो. लिहायची मराठी मी नोकरीत असताना पुस्तकांतून शिकलो. वडील शिंपी होते. सरकारी शाळेचे गणवेश शिवायचे काम त्यांना मिळायचे, आणि त्याच शाळेत, त्याच गणवेशात मी शिकायचो. दुपारचे जेवण, पुस्तके, पुढे कॉलेजची फी, सगळे सरकारच्या अनुदानातून आले. घरात पदवी घेणारा मी पहिला. अनुदान हा शब्द पुष्कळांना कंटाळवाणा वाटतो. मला तो ऐकला की भाताचा वास येतो.

बातमीनंतर दोनेक आठवड्यांनी शाखेत टपालाने एक पाकीट आले. पाठवणाऱ्याचे नाव नव्हते. माझ्या हाताखालचा हेड कॉन्स्टेबल मूळचा एन्नोरचाच, तोंडाचा फटकळ. त्याने पाकीट उलटेसुलटे करून पाहिले.

"सार, हे घरी चिकटवलेलं पाकीट आहे. विकत घ्यायला दोन रुपये नाहीत, आणि निघालेत पोलिसांना कामाला लावायला."

मी पाकीट उकलले. आतल्या बाजूने ती पाचवीच्या गणिताची जुनी प्रश्नपत्रिका होती. उरलेल्या प्रश्नपत्रिकांची पाकिटे करणारी माणसे एकाच खात्यात असतात. आमच्या गावच्या शाळेत गुरुजी आम्हाला शुक्रवारी दुपारी हेच काम द्यायचे.

"पाठवणारा शिक्षक आहे," मी म्हणालो.

आत एका दाखल्याची छायाप्रत होती. शाळा तीच. मजकूर असा, की शासनाकडून मिळालेल्या दुरुस्ती अनुदानातून मुलींच्या स्वच्छतागृहाचे छत व छज्जा यांची दुरुस्ती पूर्ण झाली असून काम समाधानकारक आहे. दाखला मार्चअखेरचा होता. छज्जा पडला जुलैत. मागच्या बाजूला तमिळमध्ये एकच ओळ लिहिली होती: 'दुरुस्त झालेला छज्जा चार महिन्यांत पडतो का?'

दाखल्याखाली तीन सह्या होत्या. एक मुख्याध्यापिकेची, एक शिक्षण खात्याच्या सहाय्यक अभियंत्याची आणि तिसरी शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षाची. सरकारी शाळांत ही समिती पालकांची असते आणि अध्यक्षपद विद्यार्थ्याच्या आईकडे दिले जाते. गरीब आयांना शाळेत आवाज मिळावा म्हणून केलेली ही चांगली सोय आहे.

प्राथमिक चौकशीसाठी मी स्थानिक ठाण्याकडून मृत्यूची कागदपत्रे मागवली. त्यात मुलीच्या आईचा लेखी जबाब होता: 'इमारत जुनी असल्याने अपघात घडला. माझ्या मुलीच्या मृत्यूबाबत माझा कोणावरही संशय नाही.' खाली सही. मी ती सही पाहिली आणि दाखला पुन्हा हातात घेतला. प्रत्येक अक्षर सुटे, मोठे, शाळेतल्या मुलाने गिरवल्यासारखे. दोन्हीकडे तेच नाव आणि तेच वळण.

छज्जा नीट झाला असे सांगणाऱ्या दाखल्यावर, त्याच छज्ज्याखाली मेलेल्या मुलीच्या आईची सही होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही एन्नोरला गेलो. तिथे औष्णिक वीज केंद्रांची राख हवेत असते. घरांच्या पत्र्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, झाडांच्या पानांवर एक करडा थर कायम असतो. शाळेच्या आवारात स्वच्छतागृहाची भिंत निळ्या रंगाने रंगवलेली होती आणि तिच्यावर योजनेचे नाव मोठ्या अक्षरांत लिहिले होते. दारावर मात्र तुटलेल्या छज्ज्याचा दात उरला होता. त्यातून बाहेर आलेल्या सळ्या बोटाने दाबल्या तर पापुद्रे सुटत होते. रंग नवा होता आणि सिमेंट इमारतीइतकेच जुने. माझ्या हेड कॉन्स्टेबलने भिंतीवरून हात फिरवला आणि पँटला पुसला. त्या दिवशी त्याने एकही विनोद केला नाही.

सहाय्यक अभियंत्याला मी कार्यालयात बोलावले. अड्यारच्या सुखवस्तू भागात राहणारा, चाळिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला माणूस. येताना फाइल घेऊनच आला. अशी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. घाबरलेला माणूस रिकाम्या हाताने येतो. तयारीचा माणूस कागद घेऊन येतो.

"काम झालं होतं, सार. खारी हवा आहे. आम्ही तरी काय करणार? हे बघा, कामाआधीचा फोटो, हा कामानंतरचा. आणि हा समितीचा दाखला."

"काम तुम्ही स्वतः पाहिलं?"

"समितीनं पाहिलं. शाळा त्यांची, मुलं त्यांची. अध्यक्षबाईंनी सही केली, मग माझी सही. क्रम तसाच असतो."

"अध्यक्षबाई म्हणजे मेलेल्या मुलीची आई."

तो फाइल बंद करत म्हणाला, "पावम, बिचारी. वाईट झालं. पण सार, तुम्ही गुन्हा नोंदवायचा म्हटलं तर दाखला खोटा म्हणावा लागेल. दाखला खोटा, तर सही करणारे सगळेच आले. तिचं नावही येईल. त्या बाईनं आधीच एवढं सोसलंय. विचार करा."

इतक्या सभ्य आवाजातली धमकी मी क्वचितच ऐकली असेल. आणि कायद्याच्या भाषेत त्याचे म्हणणे बरोबर होते.

तो गेल्यावर कामानंतरचा फोटो मी बराच वेळ पाहत बसलो. नवा पांढरा छज्जा, खाली दार, डाव्या हाताला कडुनिंबाची फांदी, कुंपणामागे रस्त्याचा तुकडा. काही सापडेना. हेड कॉन्स्टेबल चहा ठेवायला आला. त्याने माझ्या खांद्यावरून पाहिले.

"सार, हे आमच्याकडचं नाही."

"कशावरून?"

"झाड बघा की. एन्नोरला एवढं हिरवं पान बघायचं तर कॅलेंडर आणावं लागतं."

फोटो मोठा करून घेतला. पाने धुतल्यासारखी स्वच्छ होती. कुंपणामागे रस्त्यावर एक पांढरी बस होती आणि तिच्या काचेवर पाळीच्या क्रमांकाची पाटी. कारखान्यातल्या कामगारांना नेणारी कंपनीची बस. अशा बसगाड्या रांगेने दिसतात श्रीपेरुंबुदूरच्या औद्योगिक पट्ट्याकडे. त्या रस्त्यालगतच्या सरकारी शाळा आम्ही एकेक करून पाहिल्या आणि तिसऱ्या दिवशी तो छज्जा, ते दार आणि तो कडुनिंब सापडला. तिथले काम खरोखर झाले होते. त्याचा एक चांगला फोटो काढून त्याच अभियंत्याने आणि त्याच्या ठेकेदाराने तो आणखी काही शाळांच्या फाइलींत लावला होता. अभियंता खोटा ठरला. पण दाखल्यावरच्या उरलेल्या दोन सह्या तिथेच होत्या.

मुख्याध्यापिकेला सकाळी अकराला बोलावले. महिला कॉन्स्टेबल खोलीत होती. बाई पन्नाशी ओलांडलेल्या, सुती साडी, डोळे सुजलेले. तमिळमध्ये विचारलेल्या प्रश्नांना त्या एका शब्दात उत्तरे देत होत्या. मध्येच त्यांचा फोन वाजला. माझ्याकडे पाहून, परवानगी घेऊन त्यांनी तो उचलला आणि हळूच म्हणाल्या, "आई, गोळी कपाटांत वरी आहे. खाऊन घे. मला वेळ होइल."

माझ्या आईची बोली होती ती. मी मराठीत विचारले, "टीचर, तंजावरकडच्या का?"

त्यांचा चेहरा उजळायच्या ऐवजी पडला. परक्याशी खोटे बोलता येते. आपल्या भाषेतल्या माणसाशी बोलताना ते जड जाते, हे मी चौकशीच्या खोलीत अनेकदा पाहिले आहे.

"अण्णा, तुम्ही आमचेच होय?" त्या म्हणाल्या. "मग आतां मी कसं बोलूं?"

"खरं बोला."

"पाकीट मीच धाडलं."

त्यानंतर त्या थांबल्या नाहीत. अनुदान मंजूर होते, पण शाळेपर्यंत पोचते ते वर्ष संपता संपता. मार्चअखेरपर्यंत काम झाल्याचा दाखला गेला नाही, तर रक्कम परत जाते आणि पुढच्या वर्षी त्या शाळेचे नाव मागे पडते. त्यांच्या शाळेचे अनुदान असे दोनदा परत गेले होते. मुलींचे स्वच्छतागृह बंद पडायच्या बेताला आले होते. मोठ्या मुली दिवसभर पाणी पीत नव्हत्या.

"मार्चच्या शेवटच्या आठवड्यांत तो आला. कागद तयार. म्हणाला, टीचर, सही द्या, काम मेच्या सुट्टींत करतो. नाहीतर यंदाही गेलं म्हणून समजा. अस्कि शाळा असंच करतात अण्णा. अस्कि." आमच्या बोलीत अस्कि म्हणजे सगळ्या. "मी चोर नव्हे. एक पैसा मी घेतला नाही."

"ते मला माहीत आहे. मेमध्ये काय झालं?"

"रंग झाला. मी फोन केला, तर म्हणाला ठेकेदार येइल. जूनांत शाळा उघडली. मी रोज छज्ज्याकडे बघी. दोरी बांधली, मुलींना सांगितलं, खाली उभ्या राहूं नका."

"मग?"

"अख्ख्या आवारांत सावली तेवढीच होती," त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला. महिला कॉन्स्टेबलने पाण्याचा पेला पुढे केला. तो तसाच राहिला.

काही वेळाने मी विचारले, "अध्यक्षबाईंची सही कशी घेतली?"

"ती मासळी घेऊन बाजारास निघाली होती. फाटकाशी हाक मारली. म्हटलं, अम्मा, मुलींच्या संडासासाठी पैसे येताहेत, इथे सही कर. टोपली खाली ठेवली, हात धुतले, मग सही केली. कागदाला वास लागूं नये म्हणून."

"वाचून दाखवलं?"

"नाही. तिला आतां सही येते ना."

त्या वेळी मी हे उत्तर नुसते लिहून घेतले.

मुलीच्या आईकडे मी साध्या कपड्यांत गेलो. खाडीकाठची कोळी वस्ती, एका खोलीचे घर. नवरा बोटीवर गेलेला. ती दाराशी बसून जाळ्यातला कचरा काढत होती. वय तिशीच्या आतबाहेर. मला बसायला प्लॅस्टिकची खुर्ची दिली आणि स्वतः जमिनीवर बसली. आमचे बोलणे तमिळमध्ये झाले.

मी दाखल्याची मूळ प्रत पुढे केली. "अम्मा, ही सही तुमची का?"

तिने ओल्या हाताने कागद धरला नाही. वाकून पाहिले. "माझीच. मुलीनं शिकवली. समितीत अध्यक्ष झाले तेव्हा म्हणाली, अध्यक्ष अंगठा लावतात का कुठे? तिच्या वहीत मला गिरवायला लावायची. चुकलं की टीचरसारखी ओरडायची." ती किंचित हसली. "वर काय लिहिलंय, सार?"

पोलिसाच्या नोकरीत मृत्यूच्या बातम्या मी अनेक दारांत जाऊन सांगितल्या. त्यातली एकही हा कागद वाचण्याइतकी अवघड नव्हती. मी वाचला.

तिने जाळे खाली ठेवले. "म्हणजे छज्जा नीट आहे, असं मी लिहून दिलं."

"तुम्ही लिहिलं नाही. तुम्हाला सांगितलं नव्हतं."

"सही माझीच ना?"

दुसरा कागद दाखवायचा नाही, असे क्षणभर वाटले. पण तपास अर्धा ठेवता येत नाही. मी ठाण्यातला जबाब काढला. "आणि ही?"

"ही आस्पत्रीतली. पोलीस अय्या म्हणाले, इथे सही कर, पोर लवकर हातात मिळेल. मी केली. पोर तरी संध्याकाळीच मिळालं."

"तेव्हा यावर काय लिहिलं होतं?"

"काही नाही. कोरा होता."

माझा कोणावरही संशय नाही. हे वाक्य तिने म्हटलेच नव्हते. तिच्या सहीच्या वरच्या जागेत ते मागाहून बसवले होते. कागद उजेडात धरला तेव्हा दिसले, की शेवटच्या दोन ओळी दाटीवाटीने लिहिल्या आहेत, सहीला धक्का लागू नये म्हणून.

मी स्थानिक ठाण्यात गेलो. तो जबाब लिहिणारा ठाण्याचा रायटर, म्हणजे कागदपत्रे लिहिणारा हवालदार, माझ्या ओळखीचा होता. फार वर्षांपूर्वी मी सब-इन्स्पेक्टर असताना तो माझ्या हाताखाली नवा शिपाई म्हणून आला होता. मला पाहून उभा राहिला, खुर्ची पुसली, कॉफी मागवली.

"कोऱ्या कागदावर सही घेतलीस?" मी विचारले.

"हो सार," तो सहज म्हणाला. "बाई रडत होती. तिच्यापुढे बसून लिहीत कोण बसणार? सही घेतली, नंतर निवांत लिहिलं."

"तिनं संशय नाही असं सांगितलं होतं?"

"सार, आकस्मिक मृत्यूत दुसरं काय लिहितात?" तो हसला. मग माझा चेहरा पाहून हसू आवरले आणि आवाज खाली आणला. "रागावू नका सार. पंचांच्या सह्या आधी घेऊन ठेव, माणसं परत सापडत नाहीत, हे मला तुम्हीच शिकवलंत."

ते खरे होते. मी शिकवले होते. माझ्या सुरुवातीच्या ठाण्यात पंचनाम्याचे कोरे कागद सह्या घेऊन पेटीत ठेवलेले असत. पंच म्हणजे चहावाला, पानवाला, कोणी गरीब माणूस. त्यांचे दिवसाचे काम बुडू नये म्हणून आपण ही सोय करतो, असे मी स्वतःला सांगत असे. माझा हेतू वाईट नव्हता. मुख्याध्यापिकेचाही नव्हता.

कॉफी आली. मी ती प्यालो नाही.

शाखेत परतल्यावर वरिष्ठांपुढे सगळे ठेवले. ते चांगले अधिकारी होते, पण त्यांना ठाण्याची भानगड नको होती.

"दाखल्यावर तीन सह्या आहेत, तिघांना आरोपी कर," ते म्हणाले. "बाईला कोर्ट सोडेल. आई आहे, सहानुभूती मिळेल."

"सार, तिला स्वतःच्या मुलीच्या मृत्यूची आरोपी म्हणून पिंजऱ्यात उभं करायचं?"

"मग काय करणार? फिर्यादी करणार? 'संशय नाही' असं तिनंच लिहून दिलंय. तो जबाब आधी खोडावा लागेल. खोडायचा तर कोऱ्या कागदावर पोलिसांनीच सही घेतली, हे आपल्या हातानं लिहावं लागेल. तुझ्या निवृत्तीला किती महिने राहिलेत?"

"पाच."

"मग?"

मी दोन दिवस मागून घेतले. त्या दोन दिवसांत मी विशेष काही केले नाही. घरी बसलो, जेवलो, बायकोशी कमी बोललो. तिसऱ्या दिवशी अहवाल लिहिला. एकाच बाईकडून दोन वेळा, दोन सरकारी खात्यांनी, एकदा कामाआधी आणि एकदा मजकुराआधी सही घेतली, असे त्यात नोंदवले. दोन्ही वेळी तिला मजकूर वाचून दाखवला नव्हता, म्हणून दाखल्यातील खोटेपणाची तिला माहिती नव्हती. ठाण्यातली पद्धत मी स्वतः वापरली आहे आणि शिकवली आहे, हेही लिहिले. वरिष्ठांनी शेवटचे वाक्य काढायला सांगितले. मी काढले नाही.

पुढचे थोडक्यात सांगतो. अभियंता आणि ठेकेदार यांना अटक झाली, जामीनही झाला. खटला अजून चालू आहे. मुख्याध्यापिका निलंबित झाल्या. मॅजिस्ट्रेटपुढे त्यांनी काहीही लपवले नाही आणि त्या आरोपी आहेत. त्यांना यातून वगळणे माझ्या हातात नव्हते, आणि असते तरी मी वगळले नसते. त्यांच्या आईच्या गोळ्यांचा खर्च आता कसा भागतो, हे मला माहीत नाही. विचारायचे धाडस झाले नाही. रायटरवर खात्यांतर्गत कारवाई झाली. मलाही खुलासा द्यावा लागला आणि निवृत्तीचे लाभ काही महिने अडकले. माझ्या निरोपाच्या चहाला त्या ठाण्यातून कोणी आले नाही.

मुलीची आई आरोपी झाली नाही. ती फिर्यादी झाली.

फिर्याद घेतली तो दिवस सांगून संपवतो. सकाळी ती नवऱ्याबरोबर शाखेत आली. महिला कॉन्स्टेबल होती, हेड कॉन्स्टेबल लिहायला बसला. ती बोलत गेली, तो लिहीत गेला. तीन पाने झाली. सवयीने त्याने कागद तिच्याकडे सरकवला, पेन वर ठेवले आणि सहीच्या जागी बोट ठेवले.

तिने पेन उचलले नाही.

"अंगठा घ्या," ती म्हणाली.

"अम्मा, तुम्हाला सही येते," मी म्हणालो. मला वाटले, मुलीची आठवण होते म्हणून नको म्हणते आहे. "तुमची सही चांगली आहे. तीच चालेल."

"येते. पण नको." तिने माझ्याकडे सरळ पाहिले. "सार, मी अंगठा लावायचे तेव्हा टीचर सगळं वाचून दाखवायच्या. रेशनच्या दुकानात वाचायचे, बँकेत वाचायचे. अंगठ्याला वाचावं लागतं ना, तसा कायदा आहे म्हणे. सही यायला लागली आणि वाचायचं थांबलं. सही केली, की हिला येतं असं सगळे धरून चालतात. मला नाव लिहिता येतं, सार. वाचता येत नाही. पोरीनं तेवढंच शिकवलं होतं. बाकीचं पाचवीत गेल्यावर शिकवते म्हणाली होती."

तिचा नवरा जमिनीकडे पाहत होता.

मी शिकलो, पदवी घेतली, सरकारची सही करणारा माणूस झालो. सही हा मान आहे, असे मी आयुष्यभर समजत आलो. ज्या शाळांनी मला वर आणले, त्यांतूनच प्रत्येक आईला ती सही मिळावी, असे मला अजूनही वाटते. पण नाव लिहायला शिकवून आपण तिला मान दिला, आणि त्याच दिवशी वाचून ऐकण्याचा तिचा हक्क काढून घेतला. तो काढणाऱ्यांत चोर फार थोडे होते. बाकीची माणसे कामाची, घाईतली, मुलींचे भले व्हावे असे मनापासून वाटणारी होती. मी त्यांतलाच एक.

मी हेड कॉन्स्टेबलला उठवले आणि त्याच्या जागी स्वतः बसलो. तिन्ही पाने पहिल्या शब्दापासून वाचली. दोन ठिकाणी तिने थांबवले. एका जागी दोरीचा रंग चुकला होता. दुसऱ्या जागी मुलगी 'खेळत असताना' असे पडले होते. ती म्हणाली, "खेळत नव्हती. उभी होती." मी दोन्ही दुरुस्त केले आणि पुन्हा वाचले. मग तिने डावा अंगठा शाईच्या गादीवर दाबला आणि कागदावर ठेवला.

अशा कागदाखाली लिहिणाऱ्याने एक ओळ लिहायची असते: 'वाचून दाखवले, समजले, बरोबर आहे असे सांगितले.' नोकरीत मी ती ओळ हजारो वेळा लिहिली असेल. त्या सकाळी ती लिहिताना माझा हात थांबला, कारण ती खरी असताना कशी लिहायची, याची मला सवय नव्हती.